एरो कार्बन फ्रेमवर रोड बाईक जोडताना कशाच्या आधी काय

नुसती फ्रेम घेऊन स्वतः बाईक जोडायची म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच विचारतो, हँडलबार कुठे पाहिजे ते ठरलंय का? समोरचा म्हणतो अरे अजून फ्रेम बॉक्समधून बाहेर पण नाही काढली आणि तू हँडलबारचं काय घेऊन बसलास. पण एरो फ्रेमचं, म्हणजे हवा कापायला चपट्या नळ्या केलेल्या फ्रेमचं, सगळं गणित तिथूनच सुरू होतं.

जुन्या पद्धतीच्या फ्रेमवर, म्हणजे गोल नळ्या, केबल बाहेरून, साधा स्टेम (हँडलबार फोर्कला जोडणारा तुकडा), तिथे कुठूनही सुरुवात केली तरी चालायचं. स्टेम लांब वाटला, बदलला. हँडलबार आवडला नाही, चार बोल्ट सोडले आणि दुसरा लावला, संपलं. एरो फ्रेममध्ये ब्रेकचे दोन्ही होज (तेलाच्या बारीक नळ्या) हँडलबारच्या पोटातून, स्टेमखालून, हेडसेटच्या, म्हणजे हँडल वळतं तिथल्या, वरच्या बेअरिंगमधून आत जातात, त्यातला एक फोर्कमध्ये उतरतो आणि दुसरा डाऊन ट्यूबमधून (खालची तिरकी नळी) मागे चेनस्टेपर्यंत, म्हणजे मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीपर्यंत, जातो. त्यामुळे नंतर स्टेम एक सेंटिमीटर कमी करायचा म्हटलं तर होज लिव्हरपासून सोडा, बाहेर ओढा, नवीन बारमधून घाला, टोक कापा, नवीन ऑलिव्ह आणि इन्सर्ट (होजचं टोक पक्कं धरणारे छोटे तुकडे) लावा, मग ब्रेक ब्लीड करा, म्हणजे तेलातली हवा काढा... एका सेंटिमीटरसाठी अख्खी संध्याकाळ. म्हणून म्हणतो, इथे पाना उचलायच्या आधीच अर्धं बिल्ड झालेलं असायला पाहिजे, कागदावर.

आता मुळात एरो फ्रेम कशाला, हा प्रश्न येणारच. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला लागणारी ताकद घनाने. साधारण ०.३० सीडीए (आकार आणि समोरचं क्षेत्र मिळून हवेला किती अडवता त्याचा आकडा) धरला, म्हणजे ड्रॉप्सवर, हँडलच्या खालच्या वाकावर, नसलेला एक सामान्य रायडर, तर ३० च्या स्पीडला फक्त हवेसाठी शंभरच्या थोडं वर वॉट लागतात आणि ४० ला तेच अडीचशेच्या जवळ जातात. वेग एक तृतीयांशाने वाढला आणि हवेचं बिल दुपटीच्याही पुढे. पण (आणि हा पण मोठा आहे) या विरोधाचा मोठा हिस्सा तुमच्या शरीराचा असतो, सायकलचा वाटा त्यामानाने लहान. कोपर वाकवून खाली बसलात तर फ्रेमपेक्षा जास्त मिळेल आणि ते फुकट आहे. हे माहीत असून मी एरो फ्रेम घेतली कारण मला ती आवडते, दिसायला पण आणि सपाट रस्त्यावर जोरात असताना जी चिकटून धावते त्यासाठी पण. उगाच वॉटचा आडोसा घेण्यात अर्थ नाही.

नळ्यांचा तो मागून कापल्यासारखा आकार मात्र खरंच हुशारीचा आहे. पाण्याच्या थेंबासारखा लांब शेपटीचा आकार हवेला सगळ्यात सोयीचा, पण तेवढी शेपटी जड होते, बाजूच्या वाऱ्यात त्रास देते, आणि शर्यतीच्या नियमात बसत नाही, यूसीआयचा (सायकल शर्यतींची जागतिक संघटना) ३:१ चा नियम बरीच वर्षं होता, म्हणजे नळीची खोली जाडीच्या तिप्पट पलीकडे नको, नंतर तो सैल केला. वूनिबाल्ड काम नावाच्या जर्मन इंजिनिअरने १९३० च्या दशकात मोटारींवर काम करताना दाखवलं होतं की शेपटी मधेच सरळ छाटली तरी हवा बऱ्यापैकी तसाच प्रवाह धरते. तोच काम-टेल आज बहुतेक एरो फ्रेमच्या डाऊन ट्यूबवर आणि सीटपोस्टवर दिसतो. डी आकाराचा सीटपोस्ट त्यातूनच आला, आणि त्याने पुढे जे छळलं ते सांगतोच.

वजनाचं म्हणाल तर ८ टक्के चढावर १५ च्या स्पीडने जाताना एक किलो जास्त वजनाला साधारण सव्वातीन वॉट जास्त लागतात. शून्य नाही, पण रात्रीची झोप उडवण्याइतकंही नाही. यूसीआयची ६.८ किलोची किमान मर्यादा २००० सालापासून आहे, आणि डिस्क ब्रेकची एरो बाईक तिच्याजवळ आणायची तर खिसा फार खोल लागतो. मी वजनकाट्याचा नाद सोडला.

बरं, माप. फ्रेमची साईझ एम की एल हे विसरा, स्टॅक आणि रीच बघा. बॉटम ब्रॅकेटच्या (बीबी, म्हणजे क्रँक फिरतो ती जागा) मध्यापासून हेड ट्यूबच्या वरच्या टोकापर्यंत उभं अंतर म्हणजे स्टॅक, आडवं अंतर म्हणजे रीच. एरो फ्रेमचा स्टॅक बहुतेक वेळा कमी असतो, म्हणजे पुढचं टोक खाली. तुमची आत्ताची जी बाईक अंगाला बसलेली आहे तिच्यावर बीबीपासून हुड्सपर्यंतचं (ब्रेक लिव्हरची हात ठेवायची रबरी जागा) माप घ्या, सॅडलच्या टोकापासून हुड्सपर्यंतचं घ्या, सॅडलची उंची घ्या, आणि मग नवीन फ्रेमवर ते कुठल्या स्टेमने आणि किती स्पेसरने (स्टेमखालच्या चकत्या) येतं ते काढा. खूप स्पेसर लागत असतील तर ती फ्रेम तुमची नाही, कितीही देखणी असली तरी. आणि एकसंध बार-स्टेम घ्यायचा मोह होत असेल तर आधी स्वतःला विचारा की माप नक्की आहे ना. मी मुद्दाम वेगळा स्टेम आणि वेगळा बार असलेला सेट घेतला, तोही होज आतून नेणाराच, पण बार थोडा फिरवता तरी येतो. दिसायला एकसंध भारी दिसतो हे मान्य.

फ्रेम हातात आली की लगेच जोडायला नाही बसायचं. सीटपोस्ट पूर्ण खाली घालून बघा किती जातो. एरो फ्रेममध्ये सीट ट्यूबला मागच्या चाकासाठी खाच असते आणि बाटलीच्या पिंजऱ्याचे बोल्ट आत डोकावतात, त्यामुळे पोस्ट एका ठिकाणी अडकतोच, आणि ज्यांची सॅडल कमी उंचीवर असते त्यांना पोस्ट कापावा लागतो. वर फ्रेममध्ये किमान किती घातला पाहिजे त्याची खूण पोस्टवर असते, ती पण सांभाळायची. मग फोर्क घालून बेअरिंग नीट बसतात का, हँगर (मागचा डिरेल्युर, म्हणजे चेन सरकवणारा भाग, लागतो तो तुकडा) सरळ आहे का, ब्रेक बसायच्या जागेवर रंगाचे थर चढलेत का, नळ्यांच्या आत राळेचे कडक थेंब राहिलेत का जे नंतर होज सोलतील, हे सगळं टॉर्च घेऊन बघायचं. बोल्ट लावल्यावर फ्रेम परत करायची बोलणी अवघड होतात.

आता बॉटम ब्रॅकेट. या विषयावर सायकल बनवणाऱ्यांनी एकत्र बसून काही ठरवलं असतं तर किती बरं झालं असतं. जुना बीएसए आट्यांचा, ६८ मिमीचा शेल (बीबी बसतो ती फ्रेममधली नळी), उजवीकडे उलटे आटे, साधा आणि शांत. मग आट्यांशिवाय दाबून बसवायचा बीबी३० आला, पीएफ३० आला, बीबी८६ आला, ३८६ आला, आणि शेवटी सगळ्यांना करकर ऐकून कंटाळा आल्यावर टी४७ म्हणून परत आटेच आले, फक्त मोठ्या व्यासाचे. माझ्या फ्रेमला बीबी८६ आहे, म्हणजे ८६.५ मिमी रुंद आणि ४१ मिमी व्यासाचं भोक, बेअरिंगचे कप दाबून बसवायचे. याला २४ मिमीचा शिमानोचा ॲक्सल मस्त बसतो कारण बेअरिंगला भरपूर जागा मिळते. ३० मिमीचा ॲक्सल याच भोकात घातला की छर्रे बारीक होतात आणि मला ते पटत नाही. त्यामुळे क्रँक कुठला हे फ्रेमनेच ठरवलं म्हणायचं. कप प्रेसने सरळ रेषेत दाबायचे, हातोडी घरातून बाहेर ठेवली तरी चालेल. ग्रीस लावायचं की कोरडं की रिटेनिंग कंपाऊंड (पकड धरणारा गोंद), हे मात्र फ्रेमच्या मॅन्युअलमध्ये जे असेल तेच करा, इंटरनेटवर तिन्ही पक्षाचे लोक एकमेकांशी भांडताना सापडतील.

पण थांबा, कप आत्ता दाबायचे नाहीत! मागचा होज आणि गिअरच्या वायरी बीबी शेलमधूनच पुढे जातात, म्हणून आधी त्या घालायच्या आणि बीबी नंतर. प्रेसफिटच्या दोन कपांच्या मध्ये एक प्लास्टिकची नळी असते ना, होज आणि वायर तिच्या बाहेरून गेले पाहिजेत, आतून गेले तर ॲक्सलवर घासत राहतील आणि एक दिवस काय होईल ते सांगायला नको. कप दाबताना होज कुठे चेंगरत नाहीये ना हे आधी बोट घालून तपासायचं.

होज घालणं हा या सगळ्यातला सगळ्यात वेळखाऊ आणि खरं सांगायचं तर मला सगळ्यात आवडलेला भाग. नशीब असेल तर फ्रेममध्ये आधीपासून आतली नळी किंवा मार्गदर्शक वायर घातलेली येते, ती कधीही आधी ओढून काढू नका, होजचं टोक तिला जोडूनच ओढा. नसेल तर चुंबकवाली किट मिळते, एक चुंबक आत आणि एक बाहेरून नळीवर फिरवायचा. तेही नसेल तर बारीक दोरा आत सोडून दुसऱ्या टोकाला व्हॅक्युम क्लीनर लावायचा, दोरा सुळकन येतो, मग दोऱ्याला होज बांधून ओढायचा. डाऊन ट्यूबमधल्या होजवर फोमची नळी चढवायला विसरू नका. ती काही ग्रॅमची असते पण नसली की खराब रस्त्यावर आतून खडखड खडखड सुरू होतं आणि मग सगळं परत उघडायचं. घट्ट वळण असलेल्या जागी, विशेषतः बारच्या आतल्या कोपऱ्यात, होज जबरदस्तीने ढकलायचा नाही, एकदा त्याला मुरड पडली की तो गेलाच समजा. आणि होज थोडा लांबच ठेवा, हँडल दोन्ही बाजूला पूर्ण वळवून बघा, मगच कापा.

हेडसेटच्या वरच्या बेअरिंगबद्दल दोन शब्द. होज तिच्या पोटातून जातात म्हणून ती बदलायची म्हटली की होज लिव्हरपासून सुटलेच पाहिजेत, म्हणजे परत ब्लीड. आणि घाम नेमका तिथेच गळतो, घरात ट्रेनरवर चालवणाऱ्यांचा तर जास्तच. त्यामुळे इथे स्टेनलेस बेअरिंग लावा आणि ग्रीसची कंजुषी करू नका, वरून खालून सगळीकडे. घ्यायच्या आधी बेअरिंगचा कोन बघा, ३६ की ४५ अंश, तो बेअरिंगच्या कडेवर कोरलेला असतो. चुकीच्या कोनाची बेअरिंग बसते, फिरते पण, फक्त कधीच नीट टाईट होत नाही.

मग स्टीअरर, म्हणजे फोर्कची वर येणारी नळी, कापायचा. कार्बनसाठीची ब्लेड, करवत सरळ धरणारा गाईड, कापायच्या जागेवर टेप, वरून थोडं पाणी म्हणजे धूळ उडत नाही, आणि तोंडावर चांगला मास्क, ती धूळ फुप्फुसात जायच्या लायकीची नाही. थोडं एका बाजूने कापून मग फिरवून दुसऱ्या बाजूने, म्हणजे शेवटी धागे फाटत नाहीत. कड बारीक सँडपेपरने गुळगुळीत करायची. वर स्टेम किंवा स्पेसरच्या कडेपेक्षा स्टीअरर दोन-तीन मिमी खाली राहिला पाहिजे नाहीतर वरची कॅप बेअरिंगवर दाबच देणार नाही. आणि कार्बन स्टीअररमध्ये स्टार नट ठोकायचा विचारसुद्धा मनात आणू नका, तिथे आत फुगून पकड घेणारा एक्स्पँडर प्लग लागतो, तो स्टेमच्या पकडीच्या उंचीवरच आला पाहिजे कारण आतून आधार द्यायचं काम पण तोच करतो. शक्य असेल तर, म्हणजे तुमच्या सिस्टीममध्ये स्टेमच्या वर स्पेसर चालत असतील तर, सुरुवातीला थोडा लांब कापा. दोन तुकड्यांचे स्पेसर असतील तर होज न काढता ते खालीवर करता येतात, हा मला या सगळ्यातला सगळ्यात शहाणा पार्ट वाटतो.

ब्रेक ब्लीडिंगवर व्हिडिओ भरपूर आहेत त्यामुळे थोडक्यात. शिमानोत मिनरल ऑईल, काही इतरांत डॉट फ्लुइड, आणि या दोघांची भेसळ म्हणजे सगळे सील बरबाद. सिरिंज खाली कॅलिपरला (ब्रेक पॅड धरणारा भाग), फनेल वर लिव्हरला, बुडबुडे खालून वर ढकलायचे, पॅड आणि रोटर (ब्रेकची चकती) त्या वेळी खोलीत पण नकोत. मागच्या फ्लॅट माऊंट (थेट चेनस्टेवर चपटा बसणाऱ्या) कॅलिपरचे बोल्ट चेनस्टेच्या जाडीप्रमाणे लांबीचे लागतात हे फार लोकांना शेवटच्या क्षणी कळतं, आधीच जाडी मोजून मागवा.

गिअर मी इलेक्ट्रॉनिक घेतले, माझ्या फ्रेममध्ये यांत्रिक केबलला जागाच नाही. शिमानोच्या २०२१ पासूनच्या १२ स्पीड डीआय२ मध्ये लिव्हर वायरलेस आहेत, म्हणजे समोरून फक्त दोन होज आत न्यायचे, आणि दोन्ही डिरेल्युर वायरने सीटपोस्टमधल्या बॅटरीला जोडायचे. हे कागदावर छान. पण बॅटरी गोल आणि पोस्ट डी आकाराचा, त्यात आमच्या पोस्टला बॅटरी धरणारा भाग वेगळा विकत घ्यावा लागला. फोम गुंडाळून कोंबलेल्या बॅटऱ्या पण मी पाहिल्यात आणि त्या खडखडतातच. वायर जोडल्यावर बीबी दाबायच्या आधी एकदा गिअर बदलून बघायचे, सगळं बंद केल्यावर एक कनेक्टर अर्धा बसलाय हे कळण्यासारखं दुःख नाही. बाकी चेन, कॅसेट (लॉकरिंग ४० न्यूटन मीटर, हो एवढी), डिरेल्युरचं ट्यूनिंग, यात एरो फ्रेमचं वेगळं असं काही नाही.

टॉर्क रेंच मात्र हवाच. स्टेमचे बोल्ट बहुधा ५ न्यूटन मीटरच्या आसपास, सीटपोस्टचा वेज (पोस्ट दाबून धरणारी पाचर) ५-६, बाटलीचा पिंजरा २-३, शिमानो क्रँकचे दोन बोल्ट १२ ते १४, पण फ्रेमवर किंवा पार्टवर आकडा छापलाय तोच शेवटचा शब्द. हाताचा अंदाज स्टीलवर चालत असेल, कार्बन आधी वाकून सांगत नाही. सीटपोस्ट घसरतो म्हणून लोक बोल्ट आवळतच जातात, त्याऐवजी कार्बन पेस्ट लावा, तिच्यातले बारीक कण पकड वाढवतात आणि कमी टॉर्कमध्ये काम होतं. वेजच्या सरकत्या उतारांवर ग्रीस आणि पोस्टला लागणाऱ्या बाजूवर पेस्ट, उलट नाही.

चाकांबद्दल फार वाद घालणार नाही. ५० मिमीच्या आसपासची रिम, २८ चे टायर, आणि पूर्वी चाकं बनवणाऱ्या झिप कंपनीत असलेल्या जॉश पोर्टनरचा १०५ टक्क्यांचा ठोकताळा, म्हणजे रिमची बाहेरची रुंदी टायरच्या खऱ्या रुंदीपेक्षा किमान पाच टक्के जास्त, नाहीतर खोल रिमचा फायदा वाऱ्यावर जातो. टायरवर २८ छापलं असलं तरी रुंद रिमवर तो ३० पण भरतो, म्हणून व्हर्निअर कॅलिपरने मोजा, आणि फ्रेमला चारी बाजूंनी ४ मिमी तरी मोकळी जागा राहते का बघा. हुकलेस रिम (टायर धरायला कडेला आकडा नसलेली) असेल तर ५ बारच्या वर हवा भरायची नाही, आणि टायरही हुकलेसला चालणाराच. लांब व्हॉल्व्ह मागवायला विसरू नका, ५० च्या रिमवर छोटा व्हॉल्व्ह आतच हरवतो.

पहिल्या काही राईड्समध्ये आवाज येणारच. कार्बन फ्रेम म्हणजे तंबोऱ्याचा भोपळाच, कुठलाही बारीक आवाज आत घुमतो आणि कुठून येतोय ते कळत नाही. सगळे आधी बीबीलाच शिव्या देतात. माझा क्रम उलटा आहे, आधी सोपं ते. उभं राहून चालवताना आवाज बंद झाला तर सॅडल आणि सीटपोस्ट. हात सोडून पेडल मारताना बंद झाला तर पुढचं टोक. मग थ्रू ॲक्सल (चाक धरणारा दांडा) काढून पुसून ग्रीस, मग हँगरचा बोल्ट, मग पेडल, मग चेनरिंग. माझ्या बिल्डमध्ये आवाज सीटपोस्टच्या वेजमधून येत होता आणि ऐकायला अगदी बीबीसारखा. बीबी उघडायची पाळी शेवटी, तीही इतर सगळं कोरडं-साफ करून झाल्यावर.

आणि सुटे पार्ट फ्रेमबरोबरच मागवून ठेवा. हँगर, वेज, वरची बेअरिंग, दोन-चार ऑलिव्ह आणि इन्सर्ट. हँगर तरी हल्ली बऱ्याच फ्रेमवर यूडीएच (वेगवेगळ्या कंपन्यांना चालणारा एकाच मापाचा हँगर) असतो, तो कुठेही सापडतो, पण वेज प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, मॉडेल बंद झालं की तो एवढासा तुकडा शोधत फिरावं लागतं आणि तोपर्यंत बाईक भिंतीला टेकून. माझा डब्यात आहे, त्याच्यावर फ्रेमचं नाव आणि टॉर्क लिहून टेप लावलीये.